हिपॅटायटिस बी विषाणूचं झाड आणि नकाशा : सोलापुरातल्या एका कॉलेज-प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५

काम ठरलं. २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन. यंदा त्याला जोड अशी की ज्यांच्या जन्मदिवशी तो पाळतात त्या बारुख ब्लमबर्ग (हिपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावणारे) यांची जन्मशताब्दीही त्याच दिवशी येते. त्या निमित्तानं आमच्या विभागात प्रदर्शन आहे, आणि त्यात मधल्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावायचा आहे : हिपॅटायटिसचा विषाणू जगभर कसा पसरला, त्याच्या शाखा कुठे कुठे फुटल्या. मी आणि एम.एस्सी.च्या दोघी मुली.

रुग्णांचे नमुने घ्यायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. त्याला नैतिकता समितीची परवानगी लागते, सिक्वेन्सिंगचा (जनुकीय अक्षरं वाचण्याचा) खर्च असतो, आणि हातात दीड महिना आहे. जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात) जे आधीच प्रसिद्ध आहे तेवढ्यावरच काम. दुसऱ्या एखाद्या गावातल्या कॉलेजला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

सामान : विभागातला एक जुना डेस्कटॉप, आठ जीबी रॅम. माझा लॅपटॉप. यूपीएस आहे, पण बॅटरी गेलेली. सॉफ्टवेअर सगळं फुकटातलं : माफ्ट (सिक्वेन्स जुळवायला), ॲलीव्ह्यू (ती जुळणी बघायला), आयक्यू-ट्री (झाड काढायला), टेम्पएस्ट (वर्षं आणि फरक यांचा मेळ बघायला), बीस्ट (तारखा आणि मार्ग काढायला), ट्रेसर (बीस्टचे निकाल तपासायला).

११ जून

हिपॅटायटिस बी घ्यायचा की ई, यावर दोन दिवस गेले. मुलींचा ओढा ई-कडे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी पिंपं भरून ठेवतात, त्यामुळे कावीळ म्हटलं की इथे आधी पाण्याचंच नाव निघतं. आणि ई-चा अभ्यास आपल्या दाराशी झालेला आहे. पश्चिम भारतात माणसांत जीनोटाइप (विषाणूचा जनुकीय प्रकार) १ आणि डुकरांत जीनोटाइप ४ सापडतो, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं दाखवलं.

तरी ई सोडला. त्याचे खूपसे सिक्वेन्स म्हणजे तुकडे आहेत. कुणी एका टोकाचा भाग वाचला, कुणी दुसऱ्या. ते एकमेकांवर बसतच नाहीत. बी-चा अख्खा जीनोम सुमारे ३,२०० अक्षरांचा (ए, सी, जी, टी ही डीएनएची अक्षरं), म्हणून पूर्ण जीनोम भरपूर मिळतात. शिवाय हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून आणि दातांतून काढलेले बी-चे जीनोमही उपलब्ध आहेत. तसली सोय ई-मध्ये नाही. आणखी एक कारण माझ्या मनातलं. बी रक्तातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. तो पाण्याबरोबर वाहत नाही, घराण्याबरोबर चालतो. त्यामुळे त्याच्या नकाशात माणसांच्या स्थलांतराची खूण उमटायला वाव आहे.

१४ जून

डाउनलोड. ३,००० ते ३,३०० अक्षरांची चाळणी लावूनही हजारो नोंदी आल्या. एवढ्या आपल्या मशीनला झेपणार नाहीत. आधी ए-पासून जे-पर्यंतच्या दहा जीनोटाइपचे मान्य संदर्भ-सिक्वेन्स वेगळ्या फाइलीत ठेवले, मग बाकीचे.

एक सल्ला : फाइलीतल्या प्रत्येक सिक्वेन्सच्या नावात ॲक्सेशन क्रमांक (जेनबँकेतला नोंद-क्रमांक), देश आणि वर्ष अशी तीन गोष्टींची जोडणी पहिल्या दिवशीच करा. नंतर झाडावर, म्हणजे विषाणूच्या वंशवृक्षावर, नुसते क्रमांक दिसतात आणि कुठली फांदी कुठल्या देशाची हे शोधत बसावं लागतं.

१७ जून

पहिलं अलाइनमेंट (सिक्वेन्सची एकाखाली एक जुळणी) बिघडलं. माफ्टनं रात्रभर चालून जे दिलं ते ॲलीव्ह्यूत उघडलं तर मधोमध मोठमोठ्या रिकाम्या पट्ट्या, आणि निम्मे सिक्वेन्स अर्ध्यापासून पुढे भलत्याच जागी बसलेले.

कारण असं. या विषाणूचा डीएनए गोल असतो. बांगडीला जशी सुरुवात नसते तशी त्यालाही नाही, म्हणून संशोधकांनी एक जागा ठरवली : इको-आर-वन हे एन्झाइम जिथे कापतं ती, म्हणजे जीएएटीटीसी ही सहा अक्षरं. मोजणी तिथून. पण सगळेच तिथून मोजत नाहीत. काहींची फाइल टीटीसीसीएसी अशी सुरू होते, काहींची दोन अक्षरं आधी, एएटीटीसीसीएसी अशी. आणि काहींनी त्यांच्या पीसीआरचा प्रायमर जिथे बसला तिथूनच सिक्वेन्स टाकला आहे, त्यांची सुरुवात १,८०० च्या आसपास कुठेतरी.

आधी सोपा उपाय केला. पायथनची चार ओळींची स्क्रिप्ट : ती सहा अक्षरं शोध, तिथे काप, त्याच्या आधीचा तुकडा शेवटी जोड. बहुतेकांना लागू पडला. पण काही सिक्वेन्समध्ये नेमक्या त्या सहा अक्षरांत म्युटेशन आहे, तिथे स्क्रिप्टला काहीच सापडेना. त्यांच्यासाठी दुसरी वाट : सिक्वेन्स त्यालाच पुन्हा जोडून दुप्पट लांब करायचा, संदर्भ-सिक्वेन्सशी जुळवायचा, आणि जिथे संदर्भाचं पहिलं अक्षर बसतं तिथून एक अख्खा फेरा कापून घ्यायचा. ही पद्धत सगळ्यांना चालते. आता वाटतं, सुरुवातच हिच्यापासून करावी. काही सिक्वेन्स उलट्या धाग्याचे होते, त्यांना माफ्टचा दिशा दुरुस्त करायचा पर्याय पुरला.

१९ जून

दुसरं अलाइनमेंट चांगलं आलं. मुलींनी विचारलं, डी जीनोटाइपच्या सगळ्या सिक्वेन्समध्ये एकाच जागी भोक का? ते भोक खरं आहे. डी-मध्ये प्री-एस१ भागात (विषाणूच्या आवरणाच्या जनुकात) ३३ अक्षरं कमी असतात, म्हणून त्याचा जीनोम ३,१८२ चा, आणि सी-चा ३,२१५ चा. जी-मध्ये कोअर (आतल्या कवचाच्या) जनुकात ३६ अक्षरं जास्त. ही कमी-जास्त अक्षरं तीनच्या पटीत आहेत हे पाहून घ्या, कारण जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. या विषाणूची जनुकं एकावर एक चढलेली आहेत, आवरणाचं एस जनुक तर पूर्णपणे पॉलिमरेज (प्रत काढणाऱ्या एन्झाइमच्या) जनुकाच्या आत बसतं. तिथे एक-दोन अक्षरांची फट दिसली तर बहुधा ती सिक्वेन्सिंगची चूक असते. तसले सिक्वेन्स काढून टाकले. ३३ ची फट मात्र 'स्वच्छता' म्हणून छाटू नका.

२३ जून

झाडाचा पहिला मसुदा. मुळाशी काय ठेवायचं यावर अडलो. चिंपांझीचा हिपॅटायटिस बी बाहेरचा नातेवाईक म्हणून ठेवला होता, तर झाड उलटंपालटं. चिंपांझी, गोरिला, गिबन, ओरांगउटान यांचे विषाणू माणसांच्या जीनोटाइपच्या मधेच बसतात, बाहेर नव्हेत. जे जीनोटाइप तर गिबन-ओरांगउटानच्या शेजारी. दक्षिण अमेरिकेतल्या वूली माकडाचा विषाणू मुळाशी ठेवला तेव्हा कुठे झाड उभं राहिलं.

दुसरा घोटाळा क्लोनचा. एका फांदीवर एकाच देशाचे, एकाच वर्षाचे सिक्वेन्स दाटीवाटीनं. पाहताना वाटतं, वा, या देशात केवढा फैलाव! नोंदी उघडून वाचल्या तर सगळे एकाच रुग्णाच्या रक्तातले क्लोन, म्हणजे त्याच्या विषाणूच्या वेगवेगळ्या प्रती. एका रुग्णाचा एकच सिक्वेन्स हा नियम केला. नोंदीतलं 'आयसोलेट' आणि 'क्लोन' हे रकाने डोळ्यांनी वाचावे लागले. या कामाला सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि त्याला पर्याय नाही.

२८ जून

रिकॉम्बिनेशन. दोन जीनोटाइप एकाच यकृतात आले की त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. आशियाच्या मुख्य भूमीवरच्या बी जीनोटाइपच्या अंगात कोअरचा भाग सी जीनोटाइपचा आहे. तिबेटमध्ये सी आणि डी यांचा संकर आहे. भारतातही ए आणि डी यांचे संकर नोंदलेले आहेत. असा सिक्वेन्स झाडात ठेवला की तो दोन फांद्यांच्या मधे लोंबकळतो आणि आजूबाजूच्या फांद्यांचा बूटस्ट्रॅप (फांदी किती पक्की याचा आकडा) खाली ओढतो.

आम्ही एस-च्या भागाचं एक झाड काढलं, कोअरच्या भागाचं दुसरं, आणि दोन्ही छापून टेबलावर शेजारी ठेवली. जो सिक्वेन्स एका कागदावर ए-मध्ये आणि दुसऱ्यावर डी-मध्ये, त्यावर लाल पेनची फुली. मुलींना संगणकापेक्षा हे कागदावर पटकन कळलं. फुलीवाले सगळे बाजूला काढून आयक्यू-ट्री पुन्हा चालवलं, आणि मोठ्या फांद्यांचा अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप ९५ च्या वर आला.

२ जुलै

खर्च. नवी पेठेतून रॅमची एक पट्टी आणली, सुमारे दोन हजार. यूपीएसची बॅटरी हजाराच्या वर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढ्या जुन्या मशीनला कशाला खर्च करताय, नवीनच घ्या की." नवीन घ्यायला पैसे कुठे आहेत. पण १६ जीबी झाल्यावर मशीन अडायचं थांबलं, पैसे वसूल.

७ जुलै

काल आषाढी झाली. एका मुलीचं घर पंढरपूरकडचं, ती चार दिवस नव्हती. त्या काळात मी तारखांचं काम काढलं, आणि प्रकल्पाची खरी अडचण इथेच निघाली.

विषाणूच्या शाखा कधी फुटल्या हे काढायचं तर प्रत्येक नमुना कुठल्या वर्षी घेतला ते लागतं. आमच्या तक्त्यात पुष्कळ ठिकाणी जे वर्ष होतं ते जेनबँकेत सिक्वेन्स जमा केल्याचं. रक्त काढलेलं वर्ष वेगळं. कधी कधी त्यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर असतं. 'कलेक्शन डेट' हा रकाना भरलेला असेल तेवढेच सिक्वेन्स ठेवले. संच बराच आकसला.

मग टेम्पएस्ट. जुने नमुने मुळाच्या जवळ आणि नवे दूर, अशी चढती रेघ दिसायला हवी. दिसला तो नुसता ठिपक्यांचा ढग, रेघ जवळजवळ आडवी. हिपॅटायटिस बी-च्या आधुनिक सिक्वेन्सपुरतं हे अपेक्षितच आहे. विषाणू सावकाश बदलतो आणि आपल्याकडचे नमुने गेल्या काही दशकांतले. नेपल्समधल्या सोळाव्या शतकातल्या एका मुलाच्या ममीतून काढलेल्या सिक्वेन्सचंही तसंच झालं होतं. आधी त्या मुलाला देवी झाली असं मानत होते, २०१८ साली विषाणू हिपॅटायटिस बी निघाला, आणि तो आजच्या डी जीनोटाइपच्या इतका जवळ की त्यावरून काळ मोजता येईना.

धोका असा की रेघ आडवी असली तरी बीस्ट उत्तर देतंच. तारीख येते, अंतर येतं, आलेख सुंदर दिसतो. म्हणून एक चाचणी न चुकता करा : सिक्वेन्सची वर्षं मुद्दाम आपापसांत अदलाबदल करून बीस्ट पुन्हा चालवा. आम्ही केली. खोट्या वर्षांवरही जवळपास तीच तारीख आली. म्हणजे ती तारीख सिक्वेन्समधून येतच नव्हती, आपण सुरुवातीला भरलेल्या अंदाजातून येत होती. ते सगळे निकाल फेकले.

१२ जुलै

प्राचीन जीनोम घेतले. २०१८ मध्ये दोन गटांनी असे जीनोम प्रसिद्ध केले, त्यांतले सर्वांत जुने सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये १३७ प्राचीन जीनोमचा मोठा अभ्यास आला, सुमारे १०,५०० ते ४०० वर्षांपूर्वीचे. त्यातून समजलं की आज माहीत असलेल्या सगळ्या शाखांचा समान पूर्वज सुमारे २०,००० ते १२,००० वर्षांपूर्वीचा. युरोपात नवाश्मयुगात पसरलेली एक अख्खी शाखा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी जवळपास नाहीशी झाली, आणि तिचा आज उरलेला वारस म्हणजे जी जीनोटाइप. हे वाचताना मुली गप्पच झाल्या. विषाणूची एक शाखा खंडभर पसरते आणि मावळते, आणि त्याची साक्ष दातात राहते, हे खरोखर थक्क करणारं आहे.

प्रत्यक्ष काम किचकट. मातीत राहिलेल्या डीएनएच्या टोकांना सी या अक्षराचं टी होतं, ते खरं म्युटेशन समजू नये. वाचता न आलेल्या जागी एन एन एन. अर्ध्याहून जास्त एन असलेले जीनोम सोडून दिले. बाकीचे घातल्यावर टेम्पएस्टची रेघ वर चढली. बदलाचा वेग दर जागेला दर वर्षी दहा लाखांत दहाच्या घरात आला, प्रसिद्ध अभ्यासांशी जुळणारा.

१५ जुलै

बीस्ट चालू असताना वीज गेली, यूपीएस अर्धा तास टिकला, मशीन बंद. पण बीस्ट-२ आपली स्थिती एका स्टेट फाइलीत मधूनमधून लिहून ठेवतं, 'रिझ्यूम'नं तिथूनच पुढे सुरू झालं. आयक्यू-ट्रीतही चेकपॉइंट असतो, तीच आज्ञा पुन्हा दिली की पुढे चालतं. पावसाळ्यात हे काम काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : त्या फाइली 'जागा अडवतात' म्हणून पुसू नका.

१९ जुलै

आज नकाशा काढायला बसलो, आणि जिचा आग्रह धरावा असं मला वाटतं ती चर्चा आज झाली.

देशवार मोजलं तर सिक्वेन्सचा ढीग पूर्व आशियाचा, आणि कितीतरी देशांच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके. तसंच बीस्टला दिलं तर विषाणू कुठून कुठे गेला ते दाखवणारे बाण ढिगाच्या बाजूनं निघतात. प्रत्येक देशाला कमाल मर्यादा लावून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळे संच काढून, पुन्हा पुन्हा चालवलं. संच बदलला की काही बाण फिरले. जे फिरले ते नकाशावरून काढले. जे प्रत्येक संचात टिकलं तेवढंच ठेवलं : एफ आणि एच जीनोटाइप अमेरिका खंडात. सी-४ उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत, बाकी सी-पासून फार लवकर वेगळा झालेला. ई जीनोटाइप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, आतल्या आत फरक फारच थोडा. अमेरिकेत नेलेल्या गुलामांच्या वंशजांत तो क्वचितच आढळतो, त्यामुळे आफ्रिकेत तो अलीकडे पसरला असावा असं संशोधक म्हणतात. ए-१ मध्ये आफ्रिका आणि भारत एकमेकांत मिसळलेले, समुद्रमार्गाचा संबंध दिसतो.

मग एका मुलीनं सोलापूरवर बोट ठेवलं. "मॅडम, इथे तेलंगणातून बाण काढायचा का? विणकर तिकडून आले ना." दुसरी मुलगी शहराच्या पूर्व भागातली, पद्मशाली (तेलुगू विणकर) घरातली. ती म्हणाली, "मग उद्या लोक आमच्या गल्लीकडे बोट दाखवतील."

मी दोघींना फळ्यावर गणित करून दाखवलं. दर वर्षी दर जागेला दहा लाखांत दहा, गुणिले ३,२००. म्हणजे अख्ख्या जीनोममध्ये साधारण तीस वर्षांत एक अक्षर बदलतं. गिरण्या आणि माग वाढले त्याला धरून चला दीडशे वर्षं. एका फांदीवर एकूण फरक पाच अक्षरांचा. एकाच रुग्णाच्या दोन क्लोनमध्ये त्याहून जास्त फरक असू शकतो. कमी काळात मोजलेला वेग जास्त भरतो हे खरं, पण त्यानं गोंधळ वाढतो, दिशा कळत नाही. सोलापूरचे आणि तेलंगणातल्या करीमनगरचे शंभर सिक्वेन्स हातात असते तरी कोण कुठून कुठे हे सांगता आलं नसतं. इथे तर एकही हातात नाही. आम्ही वापरलेल्या भारतीय नोंदींत बहुतेक ठिकाणी गावाचं नाव नाही, नुसतं 'इंडिया'.

बाण म्हणजे आरोप असतो. हा आजार झालेल्यांची ताटं-वाट्या वेगळ्या करणारी घरं आपल्या शहरात आहेत, ठरलेली लग्नं मोडलेली आहेत. एकत्र जेवल्यानं, हात मिळवल्यानं, एका ग्लासातून पाणी प्यायल्यानं हिपॅटायटिस बी होत नाही. असं असताना पुराव्याशिवाय एका वस्तीच्या नावानं रेघ ओढणं मला मान्य नाही. सोलापूर करड्या रंगात, खाली 'नमुने नाहीत'.

२४ जुलै

फ्लेक्स छापायला दिला. रंगांवरून एक फेरी वाया : दुकानातल्या मशीनवर ए आणि डी-चे रंग सारखेच उमटले. छापण्याआधी वीतभर तुकडा काढून बघा. खाली एक चौकट : जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लशीचा पहिला डोस, रक्ताची चाचणी कुठे होते, उपचार कुठे मिळतात. ही चौकट मुलींनी मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत केली.

२८ जुलै

प्रदर्शन झालं. ब्लमबर्ग यांच्या फलकापाशी बरेच लोक थांबले. अनेकदा रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाचं सीरम एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या सीरमशी जुळून रेघ उमटली, त्यातून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' (याच विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) सापडलं, १९६५ साली ते प्रसिद्ध झालं, १९७६ साली नोबेल. नकाशापाशी मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच : "सोलापूर कुठाय ह्यात?" मुलींनी करड्या ठिपक्याचं कारण प्रत्येकाला सांगितलं, न कंटाळता. एका परिचारिकेनं लशीची चौकट मोबाइलवर टिपून घेतली आणि तेलुगूतला एक शब्द दुरुस्त करून दिला.

४ ऑगस्ट

राहिलेली कामं. कोअरच्या भागाचं बीस्ट अजून चालू आहे. दोन स्वतंत्र रन लावले आहेत. ट्रेसरमध्ये एकाचा ईएसएस (रन पुरेसा चालला का याचा आकडा) २०० च्या वर गेला, दुसऱ्यात मुळाच्या वयाचा अजून खालीच आहे. दोन्ही जुळेपर्यंत तारखांचा तक्ता कुणाला देणार नाही. डी-चे उपप्रकार डी-१, डी-२, डी-३, डी-५ भारतापुरते वेगळे काढायचे आहेत, त्यासाठी गाव किंवा निदान राज्य लिहिलेल्या नोंदी मूळ शोधनिबंधांतून एकेक करून शोधते आहे. त्या तक्त्याचे रकाने असे ठेवले आहेत : ॲक्सेशन क्रमांक, राज्य, रक्त घेतल्याचं वर्ष, रुग्ण की रक्तदाता, आणि माहिती निबंधात कुठल्या पानावर मिळाली.